जाबोटिकाबाचे वाण : आधी नोंद, मग रोप



या अंकात उसाऐवजी एका परदेशी फळझाडाविषयी लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. ऊस विकास खात्याने उसाचेच बोलावे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु गेल्या दोन वर्षांत गट कार्यालयात लागणीची नोंद, बेणे किंवा खोडव्याचा प्रश्न घेऊन आलेली मंडळी जाता जाता मोबाईलवरचा एक फोटो पुढे करतात. झाडाच्या खोडालाच काळ्या, टपोऱ्या द्राक्षांसारखी फळे चिकटलेली. मग ठरलेला प्रश्न, "साहेब, हे खरं आहे का? नि आपल्याकडं येतं का?"

मागच्या महिन्यात आमच्या गटातील एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, नातवाला बरोबर घेऊनच आले. नातवाने निरनिराळ्या ठिकाणांहून जाबोटिकाबाची सात रोपे मागवली होती. प्रत्येकाचे नाव वेगळे, किंमत वेगळी, 'अति दुर्मिळ' हा शब्द मात्र सगळ्यांना सारखाच. आणखी बारा वाण घ्यावयाचे त्याच्या मनात होते, आणि त्यांना जागा हवी म्हणून विहिरीजवळचे जुने जांभूळ तोडावयाचे घाटत होते. अण्णा म्हणाले, "पोराचा नाद वाईट नाही. पण ह्यात खरं किती नि चिठ्ठीवरचं किती, तेवढं सांगा. मग जांभळाचं बघू."

त्या दिवशी जे तोंडी सांगितले, तेच येथे सर्वांसाठी सविस्तर देत आहोत.

झाडाची ओळख

जाबोटिकाबा हे मूळचे ब्राझीलचे झाड. तेथील लोक त्याचा उच्चार 'झाबुचिकाबा' असा काही तरी करतात. नाव तेथील मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतून आलेले आहे. कूळ आपल्या पेरूचे, जांभळाचे आणि निलगिरीचेच. पेरूसारखीच याचीही साल पापुद्रे सुटून गळते आणि खाली गुळगुळीत, ठिपकेदार खोड दिसते. नवी पालवी गुलाबीसर असते. झाड सदाहरित, वाढीला अगदी सावकाश. प्रकाराप्रमाणे तीन मीटरपासून बारा-तेरा मीटरपर्यंत जाते.

याची खरी गंमत फळ धरण्यात आहे. पांढरी बारीक फुले शेंड्याला न येता जुन्या लाकडावर, म्हणजे खोडावर आणि जाड फांद्यांवर येतात. आपल्याकडे फणस आणि उंबर याच रीतीने धरतात, त्यामुळे आपण फार आश्चर्य करण्याचे कारण नाही. फुलापासून साधारण महिना-दीड महिन्यात फळ पिकते. फळ दीड ते चार सेंटिमीटरचे. साल काळी-जांभळी व तुरट. आत पांढरा, रसाळ, गोड-आंबट गर. एक ते चार बिया. खाताना फळ दाताने दाबून गर चोखतात आणि साल टाकून देतात.

यावरून एक गोष्ट आत्ताच ध्यानात ठेवावी. ज्या खोडावर फळ येते ते खरवडू नये, त्यावर तारा आवळू नयेत, आणि छाटणी करताना जुन्या फांद्या सरसकट काढू नयेत. आतली दाटी विरळ केली की पुरे.

उसाच्या मुलखातले गाव

ब्राझीलमधील साओ पावलो राज्यात जाबोटिकाबाल नावाचे एक शहर आहे. नावाचा अर्थच 'जाबोटिकाबाची राई'. १८२८ साली वसलेले हे गाव. आज त्याच्या चहूबाजूंना मैलोन्‌मैल काय आहे, तर ऊस! जगातील मोठ्या ऊसपट्ट्यांपैकी एक, म्हणजे रिबेराव प्रेतोचा भाग, तो हाच. ज्या झाडाच्या राईवरून गावाला नाव पडले त्या झाडाला आता परसात, वस्तीवर आणि शेतकी शिक्षणसंस्थांच्या बागांत जागा उरली आहे. आधी कॉफी आणि मग ऊस यांसाठी तेथील जंगल मोठ्या प्रमाणावर तुटले. याच शहरात साओ पावलो राज्य विद्यापीठाचे शेतकी महाविद्यालय असून तेथे या फळावर बराच अभ्यास झालेला आहे.

दुसरे गाव साबारा. हे मिनास जेराइस राज्यात, बेलो होरिझोन्ते शहराजवळ आहे. तेथे घरोघरी परसात जाबोटिकाबाची झाडे. हंगामात घरमालक आपले झाड काही वेळापुरते भाड्याने देतो. पाहुण्याने पैसे द्यावे, झाडाखाली उभे राहावे आणि पोटभर खावे. सर्वांत जास्त लावल्या जाणाऱ्या वाणाला या गावाचेच नाव आहे.

आता उसाकडे थोडे वळू, म्हणजे वाण जपण्याचा मुद्दा पटेल. १९२० च्या दशकात याच साओ पावलो राज्यात उसावर मोझॅक रोग आला आणि त्या वेळचे जुने, गोड, जाड ऊस बसले. तेव्हा जावा बेटावर तयार झालेल्या पी.ओ.जे. वाणांनी तेथील शेतकऱ्याला तारले. पुढे १९४० आणि १९५० च्या दशकांत तेथे आपल्या कोइमतूर केंद्राचे को २९० आणि को ४१९ हे वाण मोठ्या क्षेत्रावर होते. को ४१९ म्हटल्यावर आपल्याकडच्या जुन्या सभासदांचे कान टवकारतील! सांगावयाचे एवढेच, की कोणी तरी कोठे तरी वेगळे वाण गोळा करून, नावानिशी, जातिवंत जपून ठेवले होते, म्हणून संकटात ते हाती लागले. संग्रहाचा उपयोग हा असा आहे. नुसत्या हौसेची ती गोष्ट नव्हे.

वाण किती आणि नावे किती

जाबोटिकाबा हे एकाच जातीच्या झाडाचे नाव नाही. जवळच्या अनेक जातींना मिळून ते नाव आहे. ब्राझीलचे वनस्पतिशास्त्रज्ञ मातोस यांनी १९८३ साली या झाडांवर ग्रंथ लिहिला, त्यात नऊ जाती मानल्या आहेत. नेहमी कानावर येणारी नावे अशी :

१) साबारा : फळ लहान, साल पातळ, गोडी उत्तम. झाड मध्यम आकाराचे, भरपूर धरणारे. पाणी मिळाले तर वर्षात एकाहून अधिक बहार येतात. तांबेऱ्याला मात्र लवकर बळी पडते.

२) पाउलिस्ता : फळ मोठे, साल जाड व चिवट. झाड जोरकस वाढते, पण साधारणपणे एकच बहार देते आणि तोही साबाराच्या मागून. तांबेऱ्याला बऱ्यापैकी टिकते.

३) लाल संकरित : फळ लालसर. कलमाची वा चांगली जोपासलेली झाडे तीन ते पाच वर्षांत धरू लागतात. आपल्याकडच्या रोपवाटिकांत जास्त करून हेच दिसते. ज्याला संग्रह करावयाचा नाही, घरी फळ खावयाचे आहे, त्याने याचे एक झाड लावावे आणि स्वस्थ बसावे.

४) पांढरी : नाव पांढरी, पण फळ पिकल्यावरही हिरवट राहते. झाड लहान, परसाला सोयीचे. पिकले कधी हे रंगावरून कळत नाही, दाबून पाहावे लागते.

५) ग्रिमाल : फळ मोठे. संग्राहकांत याला मागणी आहे.

६) आंबट, म्हणजे तेथील भाषेत 'आझेदा' : फळ लांबट, चव आंबट.

ही झाली खरी नावे. आता गोंधळ कोठे होतो तो पाहा.

पहिला गोंधळ शास्त्रीय नावाचा. पूर्वी या झाडांना 'मिर्सियारिया' गणात घालत. आता त्यांना 'प्लिनिया' गणात धरतात. झाड तेच, कागद बदलला. परंतु विकणारा जुन्या नावाने एक आणि नव्या नावाने दुसरे अशी दोन रोपे विकतो, आणि घेणारा दोन वाण मिळाले म्हणून खूश होतो! अण्णांच्या नातवाच्या सात रोपांत नेमकी अशी एक जोडी होती.

दुसरा गोंधळ भावकीचा. 'पिवळी जाबोटिकाबा' आणि 'निळी जाबोटिकाबा' म्हणून जी झाडे विकतात, ती याच कुळातली निराळी झाडे आहेत. फळ खाण्याजोगे आहे, लावावयास हरकत नाही, पण तो जाबोटिकाबाचा वाण म्हणून मोजू नये. चुलत्याच्या मुलाला आपण सख्ख्या भावाच्या सातबाऱ्यावर घेत नाही, तसेच हे.

तिसरा गोंधळ सर्वांत मोठा, तो म्हणजे ओळखीचा. कोवळ्या रोपावरून वाण ओळखणे भल्याभल्यांना जमत नाही. पानाची लांबी-रुंदी आणि लव यांवरून जातीचा अंदाज येतो, पण एका जातीतले दोन वाण वीतभर रोपावर सांगता येत नाहीत. फळ येईपर्यंत चिठ्ठी हाच एक पुरावा आणि फळ यावयास कित्येक वर्षे. म्हणजे आपण रोपाला पैसे देतो असे वाटते, पण खरे पैसे मोजतो ते चिठ्ठीवरच्या विश्वासाला.

बियांचे रोप की कलम?

आपल्याला उसाची सवय. उसाला तुरा येतो, त्यात बीही धरते, पण त्या बियांपासून होणारे प्रत्येक रोप निराळे निघते. म्हणूनच कोइमतूरला १९१२ पासून लाखो रोपांतून निवड करीत नवे वाण काढता आले आणि म्हणूनच शेतकरी बी न लावता टिपरी लावतो. टिपरी म्हणजे आईचाच तुकडा.

जाबोटिकाबाचे गणित यापेक्षा वेगळे आहे. याच्या एका बीत बहुधा अनेक गर्भ असतात आणि एका बीतून चार-सहा रोपेही उगवतात. यातील बहुतेक रोपे आईच्या गुणाची निघतात. आपल्याकडे कागदी लिंबू बियांपासून लावले तरी जातिवंत येते, त्याचे कारण हेच आहे. म्हणून जाबोटिकाबाचे बियांचे रोप म्हणजे कमअस्सल, असे समजू नये. आई कोण, हे मात्र कळले पाहिजे. ज्या झाडाचे फळ कोणी पाहिले, चाखले, त्याच झाडाचे बी असेल तर त्या रोपाला मोल आहे. नुसत्या 'आयात बी' या शब्दाला नाही.

बियांच्या रोपाची अडचण वेळेची. साबारासारख्या वाणाला बियांपासून फळ यावयास आठ ते पंधरा वर्षे लागतात. ज्याने पन्नाशीत बी लावले त्याने फळ नातवंडांबरोबर खाण्याची तयारी ठेवावी.

बी टाकावयाचे असल्यास फळातून काढल्याबरोबर धुऊन टाकावे. वाळवून ठेवलेले बी मरते. टपालाने आठ-पंधरा दिवस फिरून आलेले, सुकलेले बी कितीही दुर्मिळ वाणाचे असले तरी उगवणार नाही. ताजे बी वीस ते चाळीस दिवसांत उगवते. एका बीतून अनेक कोंब आले तर जोमदार तेवढे ठेवावे, फार खुरटे काढून टाकावे.

कलम करावयाचे तर पाचर कलम किंवा बगल कलम करतात. खुंट जाबोटिकाबाचाच घ्यावा लागतो. लाकूड बारीक आणि कठीण, साल पातळ, त्यामुळे आंब्यासारखे झटपट जुळत नाही. हात बसावा लागतो. जुनी पद्धत भेट कलमाची. ती सावकाश, पण खात्रीची. ओळखीच्या, फळ देणाऱ्या झाडाची काडी मिळाली तर कलमाने वर्षे वाचतात आणि वाणही पक्का राहतो.

माती, पाणी आणि आपला ऊसपट्टा

या झाडाला किंचित आंबट, म्हणजे सामू साडेपाच ते साडेसहा असलेली, निचऱ्याची माती मानवते. आता आपल्या कार्यक्षेत्रातील माती कशी? बहुतेक ठिकाणी काळी भारी, सामू आठच्या आसपास, खाली चुनखडी आणि नदीकाठाला क्षारपड. सरळ जमिनीत लावले तर काय होते? पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या रानात ऊस केवडा पडतो, तोच हा प्रकार. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे मुळाला मिळत नाही.

याकरिता आमची शिफारस अशी :

१) झाड मोठ्या कुंडीत, जुन्या पिंपात किंवा बांधीव हौदात लावावे. तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत मिसळून भरावे. तळाला पाणी निघून जाण्यास भोके ठेवावीत. माती तपासूनच घ्यावी.

२) कारखान्याचे प्रेसमड उसाला चांगले, पण या झाडाला ढिगाने घालू नये. रस स्वच्छ करताना वापरलेला चुना त्यात उतरलेला असतो.

३) मुळे वरच्या थरात पसरतात. खुरप्याने खोल खणू नये. बुडाशी उसाच्या पाचटाचे आच्छादन चार बोटे जाड ठेवावे, खोडाला मात्र टेकवू नये. पाचट फुकटचे आहे आणि या झाडाला त्याच्यासारखे दुसरे काही नाही.

४) ओल सतत हवी, पण पाणी साचता कामा नये. खारवट विहिरीचे पाणी याला सोसत नाही. पत्र्यावरचे पावसाचे पाणी टाकीत धरून ठेवता आले तर उत्तम.

५) पाने पिवळी पडू लागल्यास चिलेटेड लोह द्यावे, किंवा शेणखतात मुरवलेले हिराकस घालावे. चुनखडी मातीत कोरडे हिराकस टाकून फारसा उपयोग होत नाही.

६) एप्रिल-मे मधील कोरड्या वाऱ्यात पानांच्या कडा करपतात. पहिली तीन-चार वर्षे सावलीची जाळी किंवा मोठ्या झाडाची आडसावली द्यावी.

७) वाढलेल्या झाडाला थोडा ताण देऊन मग भरपूर पाणी दिले की फूल निघते. डाळिंबाचा बहार धरणाऱ्याला हे नवीन नाही. परंतु ताण म्हणजे सुकवणे नव्हे आणि लहान रोपाला तर ताण मुळीच देऊ नये.

अंतर विचाराल, तर मोठ्या होणाऱ्या वाणांना ब्राझीलमध्ये नऊ मीटरपर्यंत अंतर ठेवतात. परसातल्या कलमांना पाच-सहा मीटर पुरते.

आणि एक कळकळीची सूचना. हे झाड उसाच्या बांधावर लावू नका. एक तर ऊस पुरुषभर उंच होऊन वर्षभर त्याला झाकून टाकील. दुसरे, तणासाठी मारलेल्या २,४-डी ची फवार वाऱ्याने उडाली की कोवळी पालवी वेडीवाकडी होऊन जाते. तिसरे आणि सर्वांत वाईट म्हणजे पाचट पेटवणे. पाचट जाळू नका म्हणून आम्ही दरवर्षी सांगतो, तरी काही ठिकाणी जाळले जातेच. बांधावरची किती आंब्या-जांभळाची झाडे अशी एका बाजूने होरपळून गेली, ती मोजावयाला कोणी बसले नाही. दहा वर्षे वाढवलेले झाड दहा मिनिटांत जाते.

संग्रह म्हणजे वही

आता मुख्य मुद्दा. संग्रह कशाला म्हणावे? वीस कुंड्या ओळीने ठेवल्या म्हणजे संग्रह होत नाही. प्रत्येक झाड कोण, कोठून आले आणि कोणाचे, हे लिहिलेले असेल तर तो संग्रह. नाही तर ती नुसती झाडी.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही, अंगावर घेऊन सांगत आहोत. काही वर्षांपूर्वी हौसेने आम्हीही चार प्रकारांची रोपे आणून वाढवली. प्लास्टिकच्या पट्टीवर शाईने नावे लिहिली आणि निर्धास्त राहिलो. एका उन्हाळ्यात शाई उडाली, पुढच्या पावसाळ्यात पट्ट्याच वाहून गेल्या. मधल्या काळात कुंड्या एका जागेवरून दुसरीकडे हलवलेल्या. आज चारही झाडे चांगली आहेत, हिरवीगार आहेत, पण कोणते कोणते हे आम्हांस सांगता येत नाही. लोकांना रोज 'बेण्याची पावती जपून ठेवा' म्हणून सांगणारे आम्ही, आणि घरची ही तऱ्हा! फळ आल्यावर काही उलगडा होईल. तोपर्यंत कोणी काडी मागितली तर आम्ही देत नाही, कारण चुकीचे नाव एकदा बाहेर गेले की ते परत गोळा करता येत नाही.

अनुभवी संस्थांचेही असे नुकसान होते. १९०८ साली ब्राझीलच्या राष्ट्रीय कृषी संस्थेने अमेरिकेच्या शेतकी खात्याकडे कोरोआ, मुर्ता आणि पाउलिस्ता अशा तीन वाणांची रोपे पाठवली. त्यातील पहिली दोन लवकरच मेली, पाउलिस्ता १९१७ पर्यंत जगले. झाडे गेली, पण कोणते वाण कोठून आले आणि केव्हा गेले, हे लिहिलेले होते. त्यामुळे पुढच्यांना नेमके काय पुन्हा आणावयाचे ते कळले.

तेव्हा वही अशी ठेवावी :

१) प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा. क्रमांक एकदा दिला की झाड मेले तरी तो दुसऱ्याला देऊ नये.

२) वहीत तारीख, कोणाकडून आणले, त्याने कोणते नाव सांगितले, बियांचे की कलमाचे, आणि मातृवृक्ष कोणी पाहिला आहे का, हे लिहावे. 'सांगितलेले नाव' आणि 'फळावरून पटलेले नाव' असे दोन रकाने ठेवावेत. दुसरा रकाना फळ येईपर्यंत कोराच राहू द्यावा. कोरा रकाना ही लाज नाही, खोटा भरलेला ही लाज आहे.

३) चिठ्ठी पत्र्याची करावी. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर खिळ्याने क्रमांक कोरला की तो ऊन-पावसाला दाद देत नाही. तो कुंडीला किंवा खुंटीला बांधावा, खोडाला नाही. जोडीला जागेचा हाती काढलेला नकाशा ठेवावा.

४) एखादे वाण खरेच मोलाचे वाटले तर त्याचे दुसरे झाड दुसऱ्या गावी, विश्वासाच्या माणसाकडे द्यावे. एकाच विहिरीवर सगळे ठेवणे धोक्याचे.

५) पहिली पाच वर्षे तीन-चार वाणांच्या पुढे जाऊ नये. आधी आपली माती आणि पाणी या झाडाला चालते की नाही ते कळू द्यावे.

आपल्या व्यवहारातले वाक्य आहे : नोंद नाही त्याला तोड नाही. ऊस कितीही चांगला असला तरी लागणीची नोंद नसेल तर कारखान्याच्या दृष्टीने तो कोठे उभाच नाही. फळझाडाच्या वाणाचेही तसेच आहे.

परदेशातून बी मागवण्याविषयी

काही हौशी मंडळी परदेशातून पाकिटात बी मागवतात, किंवा प्रवासाहून येताना खिशातून काडी आणतात. हे करू नये. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे बी-रोपे आणण्यास आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते.

यात नुसता कायद्याचा प्रश्न नाही. जाबोटिकाबावर येणारा एक तांबेरा आहे. पेरूवरून त्याचे वर्णन १८८४ साली ब्राझीलमध्ये झाले. कोवळ्या पानावर, फुलावर, फळावर पिवळी भुकटी दिसते. तो नुसता जाबोटिकाबावर थांबत नाही. पेरू, जांभूळ, निलगिरी या साऱ्या कुळाला लागतो. २००५ साली तो हवाई बेटांवर पोचला आणि तेथील गुलाबजामाच्या झाडांची वाताहत झाली. २०१० साली ऑस्ट्रेलियात दिसला आणि तेथील काही रानझाडांवर नामशेष होण्याची पाळी आली. एका पाकिटाच्या हौसेपायी शेजाऱ्याच्या पेरूच्या बागेला धोका देणे सहकारी माणसाला शोभत नाही. उसात आपण रोगट बेणे गावात येऊ देत नाही, ऊष्णजल प्रक्रिया करतो, त्रिस्तरीय बेणे मळा राबवतो. तोच न्याय येथे लावावा. दक्षिणेत, विशेषतः केरळात, हे झाड वाढवणारे लोक आता आहेत. फळ देणारे झाड दाखवून मग रोप देणारा माणूस देशातच शोधावा.

पैसे होतील का?

हा प्रश्न येणारच. आमचे उत्तर सरळ आहे : याला ऊस समजून लावू नका. फळ तोडल्यावर तीन-चार दिवसांतच आंबू लागते. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळात गेला नाही तर उतारा घसरतो हे आपण जाणतो. या फळाचेही दुखणे तेच आहे. ब्राझीलमध्येही ते बहुतेक जवळच्या बाजारात जाते आणि उरलेल्याची जेली, सरबत, वाइन करतात. लांबच्या बाजाराला ते पोचत नाही. घरी खावे, पाहुण्याला द्यावे, फार तर थोडी जेली करून विकावी. रोपे विकून श्रीमंत होण्याच्या गोष्टी ऐकू येतात. पण नाव खात्रीचे नसताना रोप विकणे म्हणजे दुसऱ्याची दहा वर्षे फुकट घालवणे होय. तो धंदा आपल्या सभासदाने करू नये.

शेवटी अण्णांच्या विहिरीकडे

नातवाची सात रोपे आम्ही त्याच्यासमवेत बसून तपासली. दोन एकाच जातीची, नावे जुनी-नवी. एक 'पिवळी', म्हणजे निराळेच झाड. तिघांची आई कोण ते विकणाऱ्यालाच फोनवर सांगता येईना. एका लाल संकरिताची माहिती मात्र नीट होती, आणि फळ देणाऱ्या झाडाचा पत्ताही. पोरगा थोडा हिरमुसला. पण हुशार आहे. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आला आणि सातही रोपांना क्रमांक टाकून गेला. सहा ठिकाणी दुसरा रकाना कोरा आहे. बारा वाणांची खरेदी त्याने थांबवली.

मग आम्ही त्याला विचारले, "विहिरीवरच्या जांभळाचं काय लिहिलंस?" तो म्हणाला, "ते तर आपलं साधंच आहे." यावर अण्णा बोलले. ते झाड त्यांच्या आईने लावलेले, बी तिच्या माहेरचे, फळ लांबट, गर भरपूर आणि बी बारीक. गावात तसे दुसरे झाड नाही. म्हणजे मातृवृक्ष ठाऊक, लावणारा ठाऊक, फळ तीन पिढ्यांनी चाखलेले. ज्या माहितीसाठी पोरगा परगावच्या माणसाला पैसे मोजत होता, ती सगळी घरी फुकट होती, फक्त लिहिलेली नव्हती. जांभळाच्या वाणाला काय किंमत येते, हे पाहावयाचे असेल तर पालघर जिल्ह्यातील बहाडोलीचे जांभूळ पाहावे. त्याला आज भौगोलिक मानांकन आहे आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण बहाडोली' हा वाणही दिलेला आहे.

जांभूळ उभे आहे. वहीत त्याला क्रमांक एक दिला असून दोन्ही रकाने भरलेले आहेत. जाबोटिकाबाच्या कुंड्या त्याच्याच आडसावलीत ठेवल्या आहेत, आणि सावली त्यांना मानवलेली दिसते.

ज्या सभासदांनी जाबोटिकाबा लावलेले आहे त्यांनी आपल्या झाडाची वरीलप्रमाणे माहिती लिहून गट कार्यालयात द्यावी, ही विनंती. फळ आलेले झाड कोणाकडे असल्यास अवश्य कळवावे. आम्ही येऊन पाहू. त्याचबरोबर बांधावरच्या, विहिरीवरच्या जुन्या आंब्या-जांभळाचीही नोंद करावी. झाड तोडण्याआधी एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, की हे कोणी लावले आणि बी कोठून आणले. सांगणारे माणूस आहे तोवरच ती माहिती मिळते.



ऊस विकास विभाग